रविवार कोणाचा? ख्रिस्ती उपासनेची वेळ, जागा आणि आपण

(युवा अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून दोन-तीन जणांनी मला विचारलं, 'ख्रिस्ती लोक प्रार्थना कधी करतात, कुठे करतात, हे आपण कशासाठी शिकायचं?' प्रश्न रास्त आहे. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. सॉफ्टवेअर लिहितो. पण गेल्या काही वर्षांत आपल्या देशात जे वाद पेटतात, त्यांतले बरेचसे देव आहे की नाही यावरचे नसतात. ते जागेवरचे आणि वेळेवरचे असतात. या मैदानात नमाज का पढता? या घरात इतकी माणसं प्रार्थनेला का जमली? हा भोंगा आत्ता का वाजतोय? म्हणून मला वाटलं, आपल्या शेजारच्या एका समाजाने दोन हजार वर्षांत हे दोन प्रश्न, 'कधी' आणि 'कुठे', कसे सोडवले ते पाहावं. त्यात आपल्याही कामाचं बरंच आहे.

पहिला प्रश्न, कधी? उत्तर सगळ्यांना पाठ आहे : रविवारी. पण रविवारच का? येशू स्वतः यहुदी होते. त्यांचा आणि त्यांच्या शिष्यांचा पवित्र दिवस शनिवार, म्हणजे शब्बाथ. ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्रुसावरच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, येशूंचं पुनरुत्थान झालं. तो दिवस रविवार. म्हणून त्याला 'प्रभूचा दिवस' म्हणू लागले. पोर्तुगीज भाषेत रविवारला 'दोमिंगो' म्हणतात, त्याचा अर्थ प्रभूचा दिवस. रशियन भाषेत रविवारचं नावच 'पुनरुत्थान' असं आहे. आणि आपण घरी दखनीत 'इतवार' म्हणतो, गोव्याचा ख्रिस्ती माणूस कोकणीत 'आयतार' म्हणतो. दोन्ही शब्द आले 'आदित्यवार' या एकाच शब्दातून. आदित्य म्हणजे सूर्य. एका दिवसाला किती जणांनी आपलं म्हटलंय बघा.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. पहिली तीनशे वर्षं रविवार हा सुट्टीचा दिवस नव्हता. रोमन साम्राज्यात तो कामाचा दिवस होता. ख्रिस्ती झालेल्यांमध्ये गुलाम होते, कारागीर होते, दुसऱ्याच्या घरी राबणारे नोकर होते. त्यांना मालक सोडणार कधी? म्हणून ते उजाडायच्या आधी जमायचे. याचा पुरावा त्यांच्या विरोधकाच्या लेखणीतून मिळतो. साधारण इ. स. ११२च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन अधिकारी आजच्या उत्तर तुर्कस्तानात बिथिनिया प्रांताचा कारभार पाहत होता. त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं की या ख्रिस्ती लोकांचं काय करायचं? चौकशीत त्याला कळलं ते असं : हे लोक एका ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताची स्तुती गातात, चोरी-फसवणूक करणार नाही अशी शपथ घेतात, मग पांगतात आणि नंतर पुन्हा एकत्र जेवायला येतात. सत्ताधाऱ्याला यात संशय वाटला. अंधारात जमतात म्हणजे काहीतरी शिजतंय! अंधारात जमायचं कारण साधं होतं. उजेडाचे तास मालकाचे होते.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, इ. स. १५५च्या आसपास, जस्टिन नावाच्या लेखकाने रोममध्ये बसून सम्राटासाठी एक निवेदन लिहिलं. त्यात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे. शहरातले आणि खेड्यातले लोक एका जागी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची वचनं वेळ असेल तितकी वाचली जातात. मग प्रमुख उपदेश करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी घरी पोचवला जातो. शेवटी ज्याला जमेल तो पैसे देतो. ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे लोक यांच्यासाठी खर्च होतात. तुम्ही आज वसईच्या किंवा अहिल्यानगरच्या चर्चमध्ये गेलात तर हाच क्रम थोड्याफार फरकाने दिसेल : वाचन, उपदेश, प्रार्थना, प्रभुभोजन, दानपेटी. आणि आपल्या जुम्याचा खुतबा, जमात आणि बाहेर पडताना सदक्याचा डबा ज्याने पाहिलाय, त्याला हे फार परकं वाटणार नाही.

सुट्टी आली ती इ. स. ३२१मध्ये. सम्राट कॉन्स्टंटाइनने फर्मान काढलं की 'सूर्याच्या दिवशी' न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारखानदार यांनी काम बंद ठेवावं. शेतकऱ्यांना मात्र सूट होती, कारण पेरणीचा दिवस हातचा गेला तर तो परत येत नाही. त्या फर्मानात ख्रिस्ताचं नाव नाही; सूर्याचं आहे. म्हणजे ज्याला आपण धर्माची सुट्टी म्हणतो, ती सुरुवातीपासूनच राजकारण, श्रद्धा आणि शेतीचा हिशेब यांच्या तडजोडीतून बनलेली आहे.

सगळ्या ख्रिस्ती लोकांनी रविवारच धरला असंही नाही. इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च शनिवार आणि रविवार दोन्ही मानतं. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक शनिवारी उपासना करतात. पुण्यात औंधला स्पायसर ही त्यांची जुनी शिक्षणसंस्था आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा शब्बाथ चालतो.

सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत, हे तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल. आपली तारीखही मगरिबला बदलते. रमजानचा चंद्र दिसला की त्याच रात्री तरावीह सुरू होते, कारण नवा दिवस सुरू झालेला असतो. यहुदी परंपरेत दिवस असाच संध्याकाळी सुरू होतो, आणि चर्चने सणांच्या बाबतीत तोच हिशेब ठेवला. म्हणून नाताळची उपासना २४ डिसेंबरच्या रात्री होते. म्हणून कॅथलिक माणूस शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला गेला तरी त्याची रविवारची मिस्सा पूर्ण झाली असं धरतात; १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेत तसं स्पष्ट म्हटलं आहे. रविवारी ज्याची ड्यूटी असते, त्या नर्सला, बसचालकाला, हॉटेलच्या कामगाराला याचा केवढा आधार आहे विचार करा.

घड्याळाची गोष्टही अशीच बदलत आली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅथलिकांमध्ये प्रभुभोजन घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून उपाशी राहायचं, पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा नियम होता. एक प्रकारचा रोजाच. त्यामुळे मिस्सा सकाळीच उरकावी लागे. पण कारखान्यात पाळ्या सुरू झाल्या, महायुद्धं झाली, रात्रपाळीचा कामगार सकाळी येणार कसा हा प्रश्न उभा राहिला. १९५३मध्ये पोप पायस बारावे यांनी उपवासाचे नियम सैल केले, पाण्याला मुभा दिली आणि संध्याकाळच्या मिस्सेची वाट मोकळी केली. १९६४पासून तो उपवास एका तासावर आला. नियम बदलला म्हणून श्रद्धा संपली असं झालं नाही. उलट कामगाराला देवळाचं दार उघडं मिळालं.

वर्षाचा कळस म्हणजे पवित्र आठवडा. गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाची आठवण. त्यात धर्मगुरू लोकांचे पाय धुतो. शुक्रवारी, गुड फ्रायडेला, दुपारी तीनच्या सुमारास क्रुसावरच्या मृत्यूचं स्मरण. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होतच नाही. शनिवारी रात्री अंधारात मेणबत्ती पेटवून ईस्टरचं जागरण. गंमत म्हणजे हे रात्रीचं जागरण शतकानुशतकं सरकत सरकत शनिवारी सकाळी येऊन बसलं होतं. भर उजेडात 'ही रात्र' असं म्हणत लोक प्रार्थना करायचे! १९५०च्या दशकात ते पुन्हा रात्रीवर नेलं. परंपरा जपणं म्हणजे कधीकधी चुकलेली वेळ दुरुस्त करणंही असतं.

आमच्या व्यवसायातल्या लोकांना ईस्टर वेगळ्या कारणाने माहीत आहे. त्याची तारीख काढणं हा प्रोग्रामिंगचा जुना व्यायाम आहे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा ढोबळ नियम. म्हणजे सूर्य, चंद्र आणि आठवडा अशी तीन चक्रं एकत्र जुळवायची. तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडते. गणितज्ञ गाउसने १८०० साली त्यासाठी सूत्र मांडलं. पीएचपी या संगणकभाषेत तर ईस्टरची तारीख देणारं तयार फंक्शनच आहे. तरीही सगळे ख्रिस्ती एकाच दिवशी ईस्टर करतात असं नाही. बहुतेक पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स जुन्या जुलियन पंचांगाने हिशेब करतात. २०२४मध्ये पाश्चात्त्य ईस्टर ३१ मार्चला होता आणि त्यांचा ५ मेला. २०२५मध्ये दोन्ही २० एप्रिलला आले. ईदच्या चंद्रावरून आपल्यात दरवर्षी जी चर्चा होते, ती आठवून हसू नका. हा सोळाशे वर्षांहून जुना वाद आहे आणि दोन्हीकडचे लोक अजून एकमेकांशी बोलतात.

मठांत राहणाऱ्या साधूंचं वेळापत्रक तर आणखी कडक. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी जी नियमावली लिहिली, तिच्यात दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशा आठ प्रार्थना सांगितल्या आहेत. पहाटे, सूर्योदयाला, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला, संध्याकाळी, झोपण्यापूर्वी. हे पाळायचं तर वेळ मोजायला हवी आणि घंटा वाजवायला हवी. आपल्याकडे मशिदीत त्यासाठी 'मुवक्कित' असायचा, वेळ काढणारा जाणकार. दमास्कसच्या उमय्या मशिदीचा चौदाव्या शतकातला मुवक्कित इब्न अश्शातिर हा मोठा खगोलशास्त्रज्ञ होता. त्याने १३७१मध्ये तिथल्या मिनारावर बसवलेलं सूर्यघड्याळ प्रसिद्ध आहे. प्रार्थना वेळेवर व्हावी या तळमळीतून दोन्ही समाजांनी विज्ञान पुढे नेलं. आज आपण मोबाइलवरच्या ॲपमध्ये नमाजाच्या वेळा बघतो आणि हे विसरतो.

आता दुसरा प्रश्न, कुठे?

'चर्च' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उंच मनोरा, घंटा, रंगीत काचा येतात. पण बायबलच्या नव्या करारात चर्चसाठी जो ग्रीक शब्द आहे, 'एक्लेसिया', त्याचा अर्थ इमारत असा नाही. त्याचा अर्थ सभा, जमलेले लोक. आपल्या 'जमात' शब्दासारखा. पौल आपल्या पत्रांत प्रिस्क आणि अक्विल्ला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम पाठवतो. दुसऱ्या एका पत्रात निम्फा नावाच्या बाईच्या घरात भरणाऱ्या मंडळीचा उल्लेख आहे. म्हणजे पहिली चर्च ही लोकांची राहती घरं होती, आणि त्यांतल्या काही घरांच्या मालकिणी बायका होत्या. इथे बसलेल्या मुलींसाठी मी हे मुद्दाम सांगतोय. मशिदीत बायकांना जागा असावी की नाही, हा प्रश्न पुण्यातल्या एका दांपत्याने २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही प्रतिज्ञापत्रात सांगितलं की स्त्रियांना मशिदीत जायला मनाई नाही. मग आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीत त्यांच्यासाठी वजूची आणि नमाजाची जागा का नाही, हे विचारायला काय हरकत आहे?

घरातल्या चर्चचा एक प्रत्यक्ष पुरावा सीरियाच्या पूर्वेला, फरात नदीकाठी, दुरा-युरोपोस या गावी सापडला. १९३०च्या दशकात तिथे उत्खनन झालं. साधं अंगण असलेलं घर, इ. स. २४०च्या सुमारास दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी खोली केलेली. एका कोपऱ्यातल्या खोलीत बाप्तिस्म्यासाठी हौद आणि भिंतींवर चित्रं. बाहेरून बघणाऱ्याला ते शेजारच्या घरांसारखंच दिसलं असेल. त्याच गावाच्या तटबंदीलगत, थोड्याच अंतरावर, यहुदींचं प्रार्थनास्थळही निघालं. तेही मुळात घरच होतं. इ. स. २५६च्या सुमारास ते गाव युद्धात पडलं आणि वाळूखाली गेलं, म्हणून हे सगळं टिकलं.

घरात जमण्याची किंमतही मोजावी लागली. इ. स. ३०४मध्ये आजच्या ट्युनिशियात अबितिना नावाच्या गावी एका घरात रविवारच्या उपासनेला जमलेल्या ४९ ख्रिस्ती लोकांना रोमन अधिकाऱ्यांनी पकडलं. बादशहाचा हुकूम मोडून का जमलात, असं विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं त्याचा आशय असा, की रविवारच्या या सभेशिवाय आम्ही जगू शकत नाही. त्यांना प्राण गमवावे लागले. ख्रिस्ती जगात त्यांची आठवण अजून काढली जाते. पुढे नऊ वर्षांतच सत्तेचा कल बदलला, ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, आणि कॉन्स्टंटाइनच्या आश्रयाने मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांचा नमुना मंदिराचा नव्हता. रोमन शहरात न्यायनिवाडा आणि व्यापार जिथे चाले, त्या सार्वजनिक सभागृहाचा, 'बॅसिलिका'चा, तो नमुना होता. लोकांना आत उभं राहता यावं ही गरज होती.

दिशेचाही नियम होता. जुनी चर्च शक्यतो पूर्वाभिमुख बांधत. प्रार्थना उगवत्या सूर्याकडे तोंड करून. ख्रिस्त पुन्हा येणार तो पूर्वेकडून, अशी कल्पना त्यामागे होती. आपण किबल्याकडे तोंड करतो, यहुदी जेरुसलेमकडे करत. माणूस एकटा असला तरी एका दिशेला तोंड करून हजारो लोकांत सामील होतो, ही भावना तिघांचीही.

इथे आपल्या इतिहासातल्या दोन नोंदी सांगितल्याच पाहिजेत. इब्न इसहाक यांच्या सीरतमध्ये नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाची हकीकत येते. ते लोक मदिनेला पैगंबरांना (स.) भेटायला आले असता त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली. ते मशिदीतच पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. पैगंबरांनी त्यांना करू द्या असं सांगितलं. त्यांच्यात आणि मुसलमानांत श्रद्धेवरून मतभेद होते, चर्चा जोरदार झाली, तडजोड कोणी केली नाही. पण प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा जागा दिली. दुसरी नोंद दहाव्या शतकातल्या एका ख्रिस्ती इतिहासकाराची, अलेक्झांड्रियाच्या युटिकियसची. हजरत उमर जेरुसलेमला आले तेव्हा तिथल्या सर्वांत पवित्र चर्चमध्ये असताना नमाजाची वेळ झाली. धर्माध्यक्षांनी आतच पढा असं सुचवलं. उमर बाहेर गेले आणि बाहेर नमाज पढले. कारण सांगितलं की मी आत पढलो तर पुढे मुसलमान म्हणतील, इथे उमरने नमाज पढली, ही जागा आमची. एकाने आपली जागा दिली, दुसऱ्याने दुसऱ्याची जागा घेतली नाही. मला दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. सूरह हजच्या चाळिसाव्या आयतीत मठ, चर्च, यहुदींची प्रार्थनास्थळं आणि मशिदी यांचा एका ओळीत उल्लेख आहे, तोही त्यांच्या रक्षणाच्या संदर्भात. ती आयत घरी जाऊन जरूर वाचा.

जेरुसलेमच्या त्याच चर्चची आजची स्थितीही ऐकण्यासारखी आहे. तिथे सहा ख्रिस्ती पंथ उपासना करतात. कोणी कोणत्या वेळी, कोणत्या वेदीवर, कोणत्या वाटेने जायचं हे एकोणिसाव्या शतकात तुर्की सुलतानाच्या फर्मानाने जसं होतं तसं गोठवलं गेलं आणि आजही तेच पाळतात. दर्शनी भागावर ठेवलेली एक लाकडी शिडीसुद्धा कुणी हलवत नाही, कारण ती कुणाची यावर एकमत नाही. आणि मुख्य दाराची किल्ली? ती पिढ्यान्‌पिढ्या जूदेह या मुस्लिम कुटुंबाकडे आहे. दार उघडण्याचा मान नुसैबेह या दुसऱ्या मुस्लिम कुटुंबाचा. आपसांत पटत नाही म्हणून शेजाऱ्याकडे किल्ली दिली, असं कुणी थट्टेने म्हणेल. मी याला विश्वास म्हणतो.

आता घरी येऊ. महाराष्ट्रात ख्रिस्ती उपासनेचे कितीतरी रंग आहेत. वसईच्या पट्ट्यात सोळाव्या शतकापासूनची कॅथलिक गावं आहेत. तिथली मिस्सा शतकानुशतकं लॅटिनमध्ये चालायची. १९६२ ते ६५च्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. नगर, सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्या आहेत. तिथे रविवारी सकाळची 'उपासना' होते आणि रेव्हरंड टिळकांची पदं आपल्या मराठी चालींवर गायली जातात. मुंबईच्या जुन्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी क्रूस दिसतात. त्यांतले काही १८९६च्या प्लेगच्या काळातले. लोक तिथे उघड्यावर जमून प्रार्थना करायचे, आजही करतात. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना चालते आणि रांगेत सगळ्या धर्मांचे लोक असतात. मखदूमबाबांच्या दर्ग्यात गुरुवारी जशी गर्दी, तशी इथे बुधवारी.

आणि आपला रविवार? तो चर्चने आपल्याला दिला असं समजू नका. तो मुंबईच्या गिरणी कामगारांनी मिळवला. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. १८८४मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन त्यांनी दिलं. त्यात आठवड्याच्या सुट्टीची मागणी होती. साहेब रविवारी चर्चला जायचा, गिरणीतला माणूस मात्र सातही दिवस राबायचा. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्या वेळी पुढे आला असं सांगतात. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या गिरण्यांत आपले जुलाहे, मोमीनही होते. म्हणजे चर्चची उपासना, खंडोबाचा वार आणि मुसलमान विणकराची विश्रांती असे तिघे एका दिवसात बसले. 'रविवार ख्रिस्ती आहे, शुक्रवार सुट्टी द्या' असं जेव्हा आपल्यातला कोणी आवेशात म्हणतो, तेव्हा त्याला हा इतिहास सांगा.

याची दुसरी बाजू आखातात दिसते. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांतले लोक तिथे आहेत! तिथे सुट्टी शुक्रवारची. मग तिथल्या ख्रिस्ती लोकांनी काय केलं? त्यांनी रविवारची उपासना शुक्रवारी ठेवली. दुबईचं सेंट मेरीज चर्च शेख राशिद यांनी दिलेल्या जमिनीवर उभं आहे. तिथे शुक्रवारी मल्याळम, कोकणी, तगालोग अशा कितीतरी भाषांत एकामागून एक मिस्सा होत असत. २०२२मध्ये अमिरातीने आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवार केली, शुक्रवार अर्धा दिवस ठेवला आणि जुम्याची वेळ देशभर एक केली. तेव्हा अनेक चर्चचं वेळापत्रकही पुन्हा बदललं. सौदी अरेबियात मात्र आजही चर्च नाही. लाखो ख्रिस्ती कामगार घराच्या बंद दाराआड प्रार्थना करतात. आपण इथे अल्पसंख्य म्हणून जे मागतो, ते तिथे आपण बहुसंख्य असताना मिळतं का, हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय आपल्या मागणीला वजन येत नाही.

आपल्या देशात आज घरातल्या प्रार्थनासभांवर जमाव चालून जातो. 'चर्च नाही तर प्रार्थना कशी?' असं विचारलं जातं. तुम्हाला आता उत्तर माहीत आहे : घर हेच सगळ्यांत जुनं चर्च आहे. आणि हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. २०२२मध्ये उत्तर प्रदेशात मुरादाबाद जिल्ह्यात एका घरात नमाज पढल्याबद्दल २६ मुसलमानांवर गुन्हा नोंदला गेला होता. तथ्य आढळलं नाही म्हणून पोलिसांनी तो मागे घेतला. ज्या युक्तिवादाने एकाची प्रार्थनासभा बंद पाडतात, त्याच युक्तिवादाने दुसऱ्याची जमात बंद पाडतात. याउलट, गुरुग्राममध्ये २०२१ साली उघड्यावरच्या नमाजाचा वाद पेटला तेव्हा जागा देऊ करणारी गुरुद्वाऱ्याची समिती होती.

संविधानाचं कलम २५ प्रत्येकाला धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. त्या मर्यादाही सगळ्यांना सारख्या. मशिदीच्या भोंग्यांवर वाद होतो तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालाचा आधार घेतात, त्यांतला एक महत्त्वाचा निकाल २०००चा, आणि तो चेन्नईतल्या एका चर्चच्या लाउडस्पीकरबद्दलचा आहे. दुसऱ्याची शांतता मोडून, आवाज वाढवून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा नाही, हा नियम चर्चलाही लागू आहे. म्हणून मुंबईत अनेक ठिकाणी नाताळची 'मध्यरात्रीची' मिस्सा आता रात्री लवकर होते. त्यांनी वेळ पुढेमागे केली, नाताळ कुठे गेला नाही. आपल्याही मशिदींना आवाज कमी करण्यात कमीपणा वाटू नये. आणि नियम सगळ्यांना सारखा लावा, हे आपण तितक्याच ठामपणे म्हणावं.

ऑफिसमधला एक छोटा अनुभव सांगतो. माझ्या एका जुन्या कंपनीत शुक्रवारी दुपारी एकला आठवड्याची आढावा बैठक असायची. मी ती वेळ बदलायची विनंती केली. माझ्यासोबत एक केरळची ख्रिस्ती सहकारी उभी राहिली. आम्ही दोघांनी मिळून टीमच्या कॅलेंडरवर एक तक्ता केला : जुम्याची वेळ, गुड फ्रायडे, गणपतीचे दिवस, दिवाळी, आंबेडकर जयंती. ज्याचा सण त्याची त्या दिवशी ऑन-कॉल ड्यूटी नाही, दुसऱ्याने ती घ्यायची. त्या वर्षी गुड फ्रायडेची ड्यूटी मी केली, ईदची तिने. कुणाचं काम अडलं नाही.

तुम्हीही हे करू शकता. आपल्या गावात, वॉर्डात कोणती प्रार्थनास्थळं आहेत, तिथे कधी काय असतं, याची यादी करा. शांतता समितीच्या बैठकीत ती घेऊन बसा. जुम्याच्या वेळी रस्त्यात गाड्या लावताना पलीकडच्या चर्चच्या दाराचा विचार करा. नाताळच्या आधी तिथल्या पाळकांना भेटून विचारा की काही मदत हवी का. आणि एखाद्या घरातल्या प्रार्थनासभेवर दगड पडल्याची बातमी आली तर 'ते आपले नाहीत' म्हणून गप्प बसू नका.

दोन हजार वर्षांत ख्रिस्ती लोकांनी पहाटे प्रार्थना केली, रात्री केली, शुक्रवारी केली, शनिवारी केली. घरात, सभागृहात, क्रुसाखाली, बंद दाराआड केली. वेळ आणि जागा बदलत राहिल्या. पण प्रत्येक वेळी कुणीतरी ठरवत होतं की यांना जागा द्यायची की नाही : कधी बादशहा, कधी मालक, कधी शेजारी. बादशहा आता राहिले नाहीत. शेजारी मात्र आपण आहोत.